मास्क, प्युरिफायर की एक्झॉस्ट पंखा: पहिला खर्च कशावर?

दिवाळी सरली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो येऊ लागतात: सकाळच्या धुरकट आभाळाचे आणि सेलमधल्या एअर प्युरिफायरचे. अशाच एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातच गाठलं. "दहा-बारा हजार बाजूला काढलेत. सासूबाईंना दमा आहे, हे रोज स्कूटरवर ऑफिसला जातात. प्युरिफायर घेऊ की सगळ्यांना चांगले मास्क?" मी त्यात तिसरं नाव घुसवलं, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा. वहिनींचा चेहरा पडला. पंख्यात मिरवण्यासारखं काय असतं!

तुलनेआधी आकड्यांचा एक घोळ सोडवून टाकू. मोबाइलवर दिसतो तो हवा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय. प्युरिफायरच्या पडद्यावर मात्र बहुतेक वेळा पीएम २.५ दिसतं, म्हणजे एका घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण किती मायक्रोग्रॅम आहेत ते. आपल्याकडच्या मोजपट्टीत पीएम २.५ साठी निर्देशांक १०० म्हणजे ६० मायक्रोग्रॅम. त्यामुळे बाहेर १००, घरात ६० असं पाहून "घरात बरं आहे" म्हणणारा फसतो, दोन्ही एकच. ६० ही भारताची २४ तासांची मर्यादा आहे आणि वर्षाच्या सरासरीची ४०, दोन्ही २००९ पासूनच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणून ठेवले. ही मर्यादा इतकी खाली का आली, याचं मूळ बऱ्याच अंशी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. धूम्रपानासारख्या गोष्टींचा हिशेब वजा करूनही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. यात फुप्फुसांबरोबर हृदयाच्या आजारांचाही वाटा होता, हे तेव्हा अनेकांना पचलं नव्हतं.

मास्कपासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा. एन-९५ चं कापड सुमारे ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतं. पण ते गाळणीसारखं चालत नाही. त्याच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. म्हणूनच तो साबणाने धुतला किंवा सॅनिटायझर फवारला की दिसायला तसाच राहतो, आतून मात्र निकामी होतो. दुसरी गोष्ट फटींची. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे चेहऱ्यावर घट्ट बसतात. दाढी असेल तर ९५ हा आकडा विसरा. आणि पुण्याच्या पोरी स्कूटरवर डोळे सोडून सगळं गुंडाळतात तो स्कार्फ उन्हाला आणि धुळीला ठीक, या बारीक कणांना तो जवळजवळ मोकळं दार आहे.

बीजिंगमध्ये हृदयविकाराच्या ९८ रुग्णांना भर रहदारीच्या शहरात दोन तास चालवलं, एकदा उत्तम दर्जाचा मास्क लावून, एकदा मास्कविना. मास्क असताना रक्तदाब थोडा कमी राहिला आणि त्रासही कमी जाणवला. २०१२ चा हा अभ्यास मला आवडतो, कारण त्यात मास्क खरोखर लावलेला होता. आपण तो सिग्नलला हनुवटीवर आणतो.

प्युरिफायरची बाजूही कच्ची नाही. शांघायमध्ये ३५ निरोगी विद्यार्थ्यांना ४८ तास वसतिगृहाच्या खोल्यांत ठेवलं. एका फेरीत खरं यंत्र, दुसऱ्या फेरीत आतली जाळी काढलेलं दिखाऊ यंत्र. खऱ्या यंत्राने पीएम २.५ सरासरी ९६ वरून ४१ वर आणलं. रक्तातल्या दाहाच्या आणि गुठळ्यांशी संबंधित खुणा कमी झाल्या, रक्तदाबही थोडा उतरला. फुप्फुसांच्या क्षमतेत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे शहरभर धुरकं असताना, दारंखिडक्या बंद ठेवूनही खोलीत ४१ उरलेच. जाहिरातीतली "९९.९७ टक्के" ही संख्या जाळीतून गेलेल्या हवेची असते, खोलीतल्या हवेची नव्हे.

खरेदी करायचीच तर खोक्यावर एकच आकडा शोधा: सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं ते. दहा बाय बाराची खोली, छत दहा फूट, तर हवा झाली १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा ती फिरवायची तर सीएडीआर १७० लागतो. पण तो आकडा यंत्र पूर्ण वेगात गरगरत असतानाचा असतो आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. म्हणून २५० ते ३०० चं घ्यायचं आणि मंद वेगावर ठेवायचं. विजेची काळजी नको, ४० वॅटचं यंत्र रात्री आठ तास चाललं तर महिन्याला दहाएक युनिट होतात. खरा खर्च बदलायच्या फिल्टरचा, आणि तो विकणारा सांगत नाही. आयोनायझर, म्हणजे हवेत विद्युतभार सोडणारा भाग, असेल तर तो बंद ठेवता येतो ना, हे पाहून घ्या. त्यातून ओझोन निघू शकतो आणि दम्याच्या माणसाला तो नकोच.

आता पंखा. याची बाजू मी जरा जास्तच घेणार आहे.

वहिनींच्या घरात संध्याकाळी सात वाजता काय चालतं ते मला ठाऊक आहे, कारण वास खाली येतो. देवापुढे धूप, खिडकीशी डासांची कॉइल, कढईत मिरचीची फोडणी. २००३ मधल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून पाहिल्या होत्या. एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असा हिशेब निघाला. दम्याच्या पेशंटच्या उशाशी! पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांना सोबत घेऊन फटाके मोजले, तेव्हा बॉम्ब नव्हे तर लहान मुलांच्या हाती "निरुपद्रवी" म्हणून दिली जाणारी नागगोळी सर्वांत वाईट ठरली: पीएम २.५ ची कमाल पातळी ६४,५०० मायक्रोग्रॅम. फुलबाजीही दहा हजारांवर. आवाज नाही म्हणजे प्रदूषण नाही, ही आपली समजूत घरातल्या धुरालाही लागू आहे.

अशा घरात प्युरिफायर लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. त्यात तो ओट्याजवळ ठेवला तर तेलकट वाफेने जाळी काही आठवड्यांत चिकट होते. एक्झॉस्ट पंखा कण गाळत बसत नाही, उगमापासून उचलून बाहेर फेकतो. तोही नीट चालवला तरच: फोडणीच्या आधी सुरू करायचा, गॅस बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा आणि समोरची एखादी खिडकी किलकिली ठेवायची, आत हवा आलीच नाही तर बाहेर जाणार कुठून? चिमणी असेल तर तिचा पाइप घराबाहेर जातो ना, बघा. पाइप नसलेली चिमणी तेल धरते, बाकीचं बरंचसं पुन्हा तुमच्याच घरात सोडते.

पंख्यातही एक मेख आहे. तो बाहेरची हवा आत ओढतो, आणि प्युरिफायरला खिडक्या बंद हव्या असतात. दोघं एकाच वेळी भांडतात. स्वयंपाकाच्या वेळी पंखा, झोपताना बंद खोलीत प्युरिफायर, अशी पाळी लावली की भांडण मिटतं.

आणि कुणी "हवा स्वच्छ केली की आजार गेला" म्हणालं तर त्याला हॅपिन चाचणीची गोष्ट सांगावी. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडातल्या सुमारे ३,२०० गर्भवतींपैकी निम्म्यांच्या घरी चुलीऐवजी गॅस दिला. चुलीवाल्या गर्भवतींच्या वाट्याला पीएम २.५ सत्तरच्या आसपास होतं, गॅसवाल्यांच्या चोवीसच्या आसपास, तरी बाळांच्या जन्मवजनात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी असा मी घेत नाही. काही महिन्यांचा उतारा आयुष्यभराच्या धुराची भरपाई करेल, ही अपेक्षा जास्त होती एवढंच. शांघाय आणि बीजिंगचे निकालही काही तासांचे किंवा दोन दिवसांचेच आहेत. यंत्राने आयुष्याची किती वर्षं वाढतात, हे त्यांतून निघत नाही.

म्हणून मी तास मोजते. सासूबाई घरातच असतात आणि आठ-नऊ तास एका खोलीत झोपतात, त्यांना मास्कचा उपयोग जवळजवळ शून्य. भाऊजी दीड तास रस्त्यावर, तेही बसच्या धुरामागे, तिथे प्युरिफायर काय करणार? वहिनींचा दिवसातला सर्वांत वाईट तास ओट्यासमोरचा, पण तो त्यांनी यादीत धरलाच नव्हता.

शेवटी ठरलं ते असं. कॉइल बंद, खिडक्यांना जाळ्या. धूप गॅलरीत. पंखा, बसवण्यासकट दोन-अडीच हजारांत. भाऊजींना डोक्यामागच्या पट्ट्यांचे मास्क. उरलेल्या पैशांत सासूबाईंच्या खोलीपुरतं यंत्र, हॉलसाठी नाही. आणि त्यांचा इनहेलर डॉक्टरांनी सांगितला तसाच चालू.

वहिनींनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "हॉलमध्ये ठेवलं तर पाहुण्यांना दिसेल तरी, नाही का?"