रिकामा रकाना: काढायचा, ‘?’ लावायचा की ‘-’?

कोणता प्राणी कोणाचा जवळचा नातलग हे दाखवणाऱ्या वंशवृक्षासाठी लक्षणांचा तक्ता (एका ओळीत एक प्राणी, एका रकान्यात त्याचं एक लक्षण) भरताना पहिली अडचण येते ती रिकाम्या रकान्यांची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या आयसीसॉरसचंच घ्या. १९९७ मध्ये या डायनोसॉरचं वर्णन झालं. मणके, खांदा, कंबर हाती आली, पण सांगाड्यासोबत कवटी नव्हती. मग कवटीच्या लक्षणांपुढे लिहायचं काय?

काहीजण असा प्राणी सरळ वगळतात. मला हे पटत नाही. कवटी नाही म्हणून मणक्यांनी दिलेली माहितीही फेकायची? किती रकाने रिकामे यापेक्षा किती भरलेत, हे जास्त महत्त्वाचं. वगळायचंच असेल तर आधी जीवशास्त्रज्ञ विल्किन्सनची १९९५ ची कसोटी लावून बघा: ज्याच्या जाण्याने बाकीच्यांचं नातं बदलत नाही, तेवढाच काढायचा.

आयसीसॉरसला ‘?’, म्हणजे ‘माहीत नाही’, हेच योग्य. डोकं होतं, आपल्याला मिळालं नाही.

नागाचं तसं नाही. त्याच्या पुढच्या पायाला बोटं किती, हा प्रश्नच लागू होत नाही. तिथे ‘०’ (‘नाही’) लिहिलंत, मनगटापुढे ‘०’, नखांपुढेही ‘०’, तर पाय एकदा गेले आणि हिशेबात तीनदा धरले गेले. म्हणून ‘-’, म्हणजे ‘लागू नाही’, लिहायचं. पण इथे खरी मेख आहे. पॉप आणि मिस्टरबेयझ ही वंशवृक्ष काढणारी सॉफ्टवेअर नेहमीच्या मांडणीत ‘-’ ला ‘?’ सारखंच वाचतात, म्हणजे नागालाही कुठलीतरी बोटं असणार असं धरून चालतात. शेपटीच नसलेल्या प्राण्याच्या शेपटीचा रंग कोणता, असं विचारून जीवशास्त्रज्ञ मॅडिसनने १९९३ मध्येच हा घोळ दाखवून दिला होता. अशी लक्षणं दोन-चारच असतील तर चालवून घ्या. पुष्कळ असतील, तर ब्राझो, गिलेर्म आणि स्मिथ यांची ‘लागू नाही’ हे वेगळं धरणारी २०१९ ची पद्धत वापरा; आर या संगणकीय भाषेतल्या ट्रीसर्च पॅकेजमध्ये ती मिळते.

शेजारच्या प्रजातींवरून अंदाजाने रकाने भरणं मोजमापांच्या विश्लेषणात ठीक. वंशवृक्षासाठी नको, कारण शेजारी कोण हेच तर शोधायचंय.

आणि ‘?’ लावाल तिथे कारणही टिपून ठेवा: ‘हाड नाही’, ‘झिजलंय’ की ‘पाहिलंच नाही’. यातला ‘पाहिलंच नाही’ असा रकाना संग्रहालयातला खण उघडून नमुना पाहिला की भरता येतो.