फ्लॅटमधला ट्रम्पेट आणि ॲल्युमिनियमचा प्रॅक्टिस म्यूट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत. भिंतीपलीकडच्या काकूंचा मुलगा तेव्हा बारावीत होता आणि खालच्या मजल्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा राहतात. अशा ठिकाणी रात्री साडेनऊला ट्रम्पेट वाजवणे योग्य नाही, आणि बँकेतल्या नोकरीमुळे मला रियाजाला नेमकी तीच वेळ मिळते. म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी २८०० रुपयांचा ॲल्युमिनियमचा प्रॅक्टिस म्यूट घेतला. म्यूट म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडात, बेलमध्ये, बसवून आवाज पालटायचे किंवा दाबायचे साधन. नाशिकमध्ये मी ज्या दोन-तीन वाद्यांच्या दुकानांत चौकशी केली तिथे साधे म्यूट होते, पण प्रॅक्टिस म्यूट नव्हता. त्यामुळे तो ऑनलाइन मागवावा लागला.

साधा म्यूट आणि प्रॅक्टिस म्यूट यांतला फरक आधी सांगितला पाहिजे, कारण या वस्तूचे सगळे गुण आणि सगळे दोष त्यातूनच निघतात. साध्या म्यूटच्या निमुळत्या अंगावर बुचाच्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या मधल्या फटींतून हवा बाहेर पडत राहते, आणि आवाजाचा पोत पालटला तरी तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठाच राहतो. प्रॅक्टिस म्यूटला बुचाचे सलग कडे असते. ते बेलच्या आत सगळीकडून घट्ट बसते आणि हवेला बाहेर जायला म्यूटमधल्या बारीक छिद्रांखेरीज वाट उरत नाही.

आवाज किती कमी होतो हे पाहण्यासाठी पहिल्याच रात्री मी लेकीला काकूंच्या हॉलमध्ये बसवले, आमचे दार लावले आणि खालच्या सुरांपासून वरच्या पंचमापर्यंत सावकाश चढत गेले. फोनवर ती सांगत होती की खालचे सूर अजिबात येत नाहीत, मधले आले तरी लांबच्या रस्त्यावरून आल्यासारखे वाटतात, आणि वरचा पंचम मात्र ओळखू येतो, पण काकूंच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरपुढे तो काहीच नाही. ज्यासाठी पैसे दिले ते काम हा म्यूट चोख करतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण सुराची आहे. ट्रम्पेटच्या स्वरलिपीत लिहिलेला सा प्रत्यक्षात काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात, बोलतो, म्हणून मी मोबाइलवर काळी पाचचा तानपुरा लावून लांब सूर धरते. म्यूट बसवला की तोच सा तानपुऱ्यापेक्षा चढा लागतो आणि दोन आवाजांमध्ये लाटा उठू लागतात. मुख्य ट्यूनिंगची नळी थोडी बाहेर ओढली की सा जुळतो, पण बाकीचे सूर त्याच्याबरोबर सारखे खाली येत नाहीत. मध्य सप्तकातला शुद्ध रिषभ पहिल्या आणि तिसऱ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांच्या, जोडीने येतो. तो मुळातच चढा असल्यामुळे तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बोटाने बाहेर सारून त्याला जागेवर आणावे लागते. ही नळी किती सारायची हे हाताला आणि कानाला सवयीने कळत जाते, आणि ती सवय म्यूट लावून केली तर म्यूट काढल्यावर रिषभ चुकीच्या जागी पडतो. मला हे कळायला जवळजवळ दोन महिने लागले. तेव्हापासून सुराचा कोणताही अभ्यास मी म्यूटवर करत नाही, आणि म्यूट काढताना ट्यूनिंगची नळी आठवणीने आत ढकलते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि तो लवकर लक्षात येत नाही. हवा अडत असल्यामुळे वाजवणाऱ्याला उलटा दाब जाणवतो. त्या दाबावर मात करण्यासाठी आपण नकळत जास्त जोर लावतो, आणि जोर वाढला की माउथपीस ओठांवर दाबला जातो. माझे शिक्षक लष्करी बँडमधून निवृत्त झाले आहेत आणि देवळालीत राहतात. जानेवारीत त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी वाद्य ऐकण्याआधीच माझ्या वरच्या ओठावरचा गोल वळ पाहिला आणि विचारले, ‘‘रोज किती वेळ म्यूट लावतेस?’’ मी पाऊण तास म्हटल्यावर त्यांनी मला म्यूटशिवाय एक साधा लांब सूर धरायला सांगितला. तो बारा आकड्यांपर्यंतही टिकला नाही. पूर्वी मी वीसपर्यंत सहज जात असे. ‘‘तू हवा देत नाहीस, ढकलते आहेस,’’ एवढेच ते म्हणाले. मोकळ्या वाद्यात हवा सरळ वाहून जाते आणि दमसास त्या वाहण्यावर चालतो. म्यूटमध्ये हवा थोडीच लागते, म्हणून श्वास अर्धवट घेण्याची सवय लागते, आणि ती मोडायला लावण्यापेक्षा दुप्पट वेळ जातो.

खर्जाचा रियाज तर म्यूटवर होतच नाही. गवई पहाटे खर्ज भरतो तसेच ट्रम्पेट वाजवणाऱ्यालाही खालच्या सप्तकात हळू, सलग, न थरथरता सूर धरावे लागतात. ओठांची ठेवण त्यातूनच पक्की होते. नेमके हेच सूर प्रॅक्टिस म्यूटमध्ये अस्थिर होतात आणि मध्येच तुटतात. त्यांच्यासाठी मी रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यावर जाते. डिसेंबर-जानेवारीत तिथे पितळ इतके गार पडते की सूर उतरतो, म्हणून वाजवण्याआधी पाच मिनिटे वाद्यात नुसता ऊबदार श्वास सोडत राहावे लागते. पण तिथे खालचा सा पाण्यावरून परत येतो तेव्हा आपला खरा आवाज कसा आहे हे ऐकू येते, आणि आठवडाभर म्यूटमधून तो ऐकायला मिळालेला नसतो.

एवढे सांगूनही म्यूट घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण बोटांच्या आणि जिभेच्या कामासाठी तो उत्तम आहे. दुसरा व्हॉल्व्ह सूर अर्ध्या स्वराने खाली आणतो, पहिला एका स्वराने आणि तिसरा दीड स्वराने. कोमल धैवताला दुसरा आणि तिसरा लागतो, शुद्ध धैवताला पहिला आणि दुसरा. म्हणजे एका क्षणात अनामिका उचलून तर्जनी दाबायची असते आणि मधले बोट हलता कामा नये. अनामिका सगळ्यात आळशी बोट असल्यामुळे ही जागा जवळजवळ प्रत्येकाची अडखळते. म्यूटमुळे आवाज बारीक आणि कानाशी येतो, आणि त्यात बोट उशिरा पडल्याची खरखर स्पष्ट ऐकू येते. तसेच दुहेरी जिभेचे, म्हणजे जलद सुरांसाठी जिभेने आळीपाळीने तोडायच्या ‘तू-कू तू-कू’चे. ज्याँ-बाप्तिस्त आर्बन या फ्रेंच वादक-शिक्षकाच्या १८६४ सालच्या पुस्तकातले या प्रकारचे पाठ आजही शिकणाऱ्यांच्या स्टँडवर असतात. ते मी संथ लयीत म्यूट लावूनच पक्के केले. ‘कू’ नेहमी ‘तू’पेक्षा दुबळा पडतो, आणि हा कमीजास्तपणा म्यूटमध्ये लपत नाही.

वस्तू म्हणून तिचा दर्जा ठीक आहे. वजनाने हलकी असली तरी ती बेलच्या टोकाला बसत असल्यामुळे वाद्याचा तोल पुढे जातो आणि डावे मनगट वीस मिनिटांत भरून येते. बूच कोरडे असले तर म्यूट निसटतो. मार्चमध्ये पान उलटायला वाकले असताना माझा फरशीवर पडून त्याच्या तळाला पोचा आला. आता बसवण्याआधी मी बेलमध्ये एक लांब श्वास सोडते, आतला धातू किंचित ओलसर होतो, मग म्यूट आत ठेवून थोडा पिळते. त्यानंतर तो एकदाही पडलेला नाही. सहाव्या महिन्यात बुचाचे कडे एका बाजूने सुटू लागले होते. चपला दुरुस्त करणाऱ्यांकडच्या सोल्यूशनने ते दहा रुपयांत चिकटले आणि अजून टिकून आहे. आत माइक असलेले आणि इयरफोनवर ऐकायचे म्यूटही मिळतात. एका मैत्रिणीकडे तसा एक मी संध्याकाळभर वाजवला. ऐकायला तो सुखाचा आहे, पण उलटा दाब त्यातही जाणवतो आणि किंमत कितीतरी पट जास्त आहे.

ज्यांना ट्रम्पेट हातात घेऊन वर्षही झालेले नाही त्यांनी हा म्यूट घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओठांची ठेवण बसण्याआधी हवा अडवणारी कोणतीही वस्तू वाद्याला लावू नये. ज्यांची ठेवण बसली आहे आणि ज्यांना रात्रीखेरीज वेळच नाही त्यांनी तो जरूर घ्यावा, पण एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त लावू नये, आणि काढल्यावर दोन-तीन मिनिटे तरी मोकळी हवा वाद्यातून जाऊ द्यावी. बारावीची परीक्षा आटोपल्यावर काकूंनी आपणहून शनिवारी पाच ते सहा हा तास मला मोकळा करून दिला आहे. त्या तासात म्यूट कपाटात असतो आणि मी फक्त खर्ज भरते.