घोडबंदर रस्त्यावरच्या घरात लाकडी पट्ट्यांच्या झडपा

ठाण्यातील चरई-नौपाडा भागात जी थोडी जुनी घरे उरली आहेत, त्यांच्या खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा अजूनही दिसतात. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या दिवाणखान्यासाठी तशा झडपा नौपाड्यातील एका दुकानातून करून घेतल्या, त्याला एक पावसाळा उलटून गेला. काम सुबक आहे. सल्ला मात्र अपुरा मिळाला.

जुन्या झडपेत पट्टीची बाहेरची कड खाली उतरती असते, त्यामुळे पावसाचे पाणी बाहेरच ओघळते, ऊन अडते, वारा आत येतो आणि घरातल्या माणसाला रस्ता दिसत असूनही रस्त्यावरून घरातले काही दिसत नाही. यातला बहुतेक गुण झडप काचेच्या बाहेर असण्याचा आहे. आमच्याकडे इमारतीचा दर्शनी भाग बदलण्यास सोसायटीची मनाई असल्याने झडपा सरकत्या काचांच्या आत बसवाव्या लागल्या. अशी खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणून वाराही निम्म्याच झडपांतून येतो आणि पाऊस आला की काच लावावीच लागते. दुकानदाराने हे आधी सांगायला हवे होते.

दुसरी चूक मापाची. अमेरिकेतील रुंद पट्ट्यांच्या धर्तीवर आम्ही ३.५ इंची पट्टी निवडली. ती आडवी झाली की मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे पावणेदोन इंच पुढे येते. दुकानाने केवळ लांबी-रुंदी मोजली, काचेपर्यंतचे अंतर मोजलेच नाही. परिणामी पट्ट्या काचेच्या मुठीला अडकू लागल्या आणि चौकट पुढे घेऊन पुन्हा बसवावी लागली. तो खर्च मात्र त्यांनी सोसला, हे नमूद केले पाहिजे.

लाकूड सागवानी घेतले. पीव्हीसीच्या झडपा स्वस्त असतात आणि दमट हवेत फुगत नाहीत, परंतु रुंद खिडकीत त्यांच्या लांब पट्ट्या मधोमध झुकण्याचा धोका असतो. आमच्या सागवानी पट्ट्या पावसाळ्यातही अडल्या नाहीत. पट्ट्या फिरवणारी दांडी चौकटीत लपवलेली न घेता समोर दिसणारी घेतली, कारण ती निखळली तर कोणताही सुतार पुन्हा जोडू शकतो. धूळ मात्र भरपूर बसते, आणि मेट्रोच्या कामाशेजारी राहणाऱ्याने तर पट्टी-पट्टी पुसण्याची तयारी ठेवूनच हा खर्च करावा.

दिवाणखान्यापुरती ही खरेदी आम्हाला पसंत आहे. पट्ट्या मिटल्या तरी फटींतून उजेड झिरपतोच, म्हणून झोपण्याच्या खोलीत आम्ही जाड पडदेच कायम ठेवले आहेत.