सांगलीचे ग्रीक मुखवटे : कापड चोख, तोंड फसलं

सांगलीतल्या एका कारागिराकडे ऑर्डरीवर पाच मुखवट्यांचा ग्रीक संच मिळतो : राजा, राणी, म्हातारा दूत आणि कोरसचे (नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचे) दोन.

मांजरपाटाचे सहा थर, मैद्याची खळ, वरून खडू-सरसाचा हात. निवड बरोबर आहे. ग्रीकांचे मुखवटे ताठ केलेल्या लिननचे असत, म्हणून तर रंगमंचावरचा एकही उरला नाही. माहिती मिळते ती रंगवलेल्या भांड्यांवरून. नेपल्समधल्या प्रोनोमोस कलशावर (इ.स.पू. सुमारे ४००) नटांच्या हातात केसांसकट मुखवटे दिसतात. इथेही केस जोडलेत आणि मुखवटा टोपीसारखा चढतो. नाडी बांधायचे चपटे मुखवटे याच्यापुढे खेळणीच.

रंगही जाणून दिलेत. राणी पांढरी, पुरुष तांबूस-काळपट. उघड्यावरच्या खेळात लांबून स्त्री-पुरुष ओळखू यायचे ते यावरूनच. कारण सगळे नट पुरुष, आणि बोलणारे फार तर तीन. चेहरा आणि मुखवटा दोन्हींना ग्रीकमध्ये एकच शब्द, प्रोसोपोन. मुळात ही नाटकं डायोनिसस या मद्याच्या देवाच्या उत्सवातली. खांबाला त्याचा मुखवटा लावून खाली वस्त्र नेसवत, अगदी आपल्या उभ्या गौरींसारखं.

घोळ राजाच्या तोंडात आहे. एवढा मोठा आ वासलेला मुखवटा नंतरच्या काळातला, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या चित्रांत ओठ जरासेच विलग असतात. सोबतच्या कागदावर ‘तोंडामुळे आवाज भोंग्यासारखा वाढतो’ असं छापलंय. तसं काही होत नाही. आवाज आतच घुमतो, ‘स’ आणि ‘श’ गिळले जातात. ओठ आणि मुखवटा यांत दीड-दोन सेंटिमीटर जागा हवी. त्यासाठी कपाळाला आणि गालफडांना फोमच्या पट्ट्या लावा, कानापाशी भोकं पाडून घ्या. नाहीतर समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही.

दुसरी अडचण पावसाळ्याची. नुसत्या खळीला बुरशी लागते, दमट हवेत नाक बसतं. थर घाईनं चढवले, आतला ओला राहिला, की हे लवकर होतं. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण तोंडाला लागणाऱ्या वस्तूत ते नकोच. आतून पातळ फेविकॉलचे दोन हात आणि सुती अस्तर मागून घ्या.

राणी आणि कोरस डोळे झाकून घ्यावेत. राजाचं तोंड लहान करून मागा. माप देताना डोक्याचा घेर नटाच्या केसांसकट मोजा. टकलावर घेतलेलं माप विग चढवल्यावर बसत नाही.