सहा महिने, चौदा फेऱ्या: लिंकनशायरच्या किनाऱ्यावरची बीच हट आणि राहून गेलेलं स्पेन

गेल्या वर्षी जुलैत आम्ही आठवडाभर स्पेनला, आलिकांतेजवळ राहून आलो. यंदा स्पेन बाजूला ठेवून सटन-ऑन-सी इथे एप्रिल ते सप्टेंबर लाकडी बीच हट भाड्याने घेतली. लेस्टरहून गाडीने अडीच तास. सहा महिन्यांत चौदा वेळा गेलो. परवा किल्ली परत केली. ठरवताना मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

कारण सरळ होतं. सासू-सासरे गुहागरहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्पेनला जाता येत नाही. स्पेनसाठी लागणारा शेंगेन व्हिसा काढायचा तर त्यांनी तो भारतातूनच काढून यायला हवा होता. आम्हा चौघांचेही पासपोर्ट भारतीयच. व्हिसाची फी मोठ्यांना माणशी ९० युरो, थोरलीचे ४५, धाकटा सहाच्या आतला म्हणून माफ, आणि वर अपॉइंटमेंटसाठी रात्री-अपरात्री लॅपटॉपसमोर बसणं. एवढं करून आई-बाबांना घरी ठेवून आपण समुद्रावर जायचं, हे मला पटेना.

हट म्हणजे काय, याची आधी कल्पना करून घ्या. पक्क्या बांधावर ओळीने उभ्या असलेल्या रंगीत लाकडी खोल्या. आमची आठ बाय सहा फुटांची. वीज नाही, नळ नाही, रात्री झोपायची परवानगी नाही. खरं तर ते समुद्रावरचं कपाट आहे. खुर्च्या, बादल्या, विंडब्रेक (वारा अडवणारा कापडी आडोसा), तो ठोकायची लाकडी हातोडी, गॅसची शेगडी, चहाचं पातेलं असं सगळं तिथेच राहतं आणि आपण फक्त डबा घेऊन जातो. म्हातारी माणसं सोबत असतील तर याचं मोल फार आहे. बाबांना दर तासाला टेकायला लागतं आणि वाळूत बसता येत नाही. स्पेनच्या किनाऱ्यावर भाड्याच्या खाटा ओळीने मांडलेल्या होत्या, पण पाऊस आला की उठून हॉटेल गाठायचं. इथे दार ओढून घ्यायचं आणि आतून पाऊस बघायचा.

तक्रारी दोन. मे महिन्यात दार फुगून बसलं आणि मालकाने ते रंधून द्यायला तीन आठवडे घेतले. तेवढ्यात आमच्या दोन फेऱ्या वाया गेल्या. दुसरी कुलपाची. खाऱ्या हवेने साधं लोखंडी कुलूप जूनपर्यंत गंजून गच्च झालं. आईंनी खोबरेल सोडून ते कसंबसं उघडलं.

आता वारा. याच किनाऱ्यावरच्या स्केगनेस गावाची १९०८ सालची जाहिरात प्रसिद्ध आहे: किनाऱ्यावर आनंदाने उडी मारणारा जाडा कोळी आणि खाली ‘स्केगनेस इज सो ब्रेसिंग’. ब्रेसिंग म्हणजे अंगाला झोंबणारी, तरतरी आणणारी हवा. जाहिरात शब्दशः खरी आहे. विंडब्रेकशिवाय इथे जाऊ नका. आधी झेंड्याकडे बघून वाऱ्याची दिशा पकडा, मग खुंट ठोका. आणि मुलांसाठी फुगवायचं काही नेणार असाल तर हे नीट वाचा. हा पूर्व किनारा आहे आणि या देशात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणजे इथे जमिनीवरून समुद्राकडे. अशा दिवशी पाणी काठाशी शांत दिसतं आणि रबरी बोट मात्र बघता बघता आत ओढली जाते. जीवरक्षक नारिंगी पिशवी फडकवतात, त्याचा अर्थ फुगवलेली वस्तू पाण्यात न्यायची नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं.

मे अखेरच्या एका रविवारी लेस्टरला सत्तावीस अंश होते. लाउथपर्यंत लख्ख ऊन, आणि किनारा आला तसं सगळं धुक्यात बुडालं. आईंनी शाल काढली, धाकटा रडवेला झाला. याला इथे ‘फ्रेट’ म्हणतात. जमिनीवरची गरम हवा थंड उत्तर समुद्रावर गेली की तिचं धुकं होतं आणि ते काठावर येऊन बसतं. म्हणजे शहरात उकाडा असेल तेव्हाच किनाऱ्यावर गारठा मिळण्याची शक्यता असते. निघण्यापूर्वी लेस्टरचं नव्हे, किनाऱ्याचं हवामान बघा.

पाण्याबद्दल स्पष्ट सांगते. ऑगस्टमध्येही ते सोळा-सतरा अंशांच्या वर क्वचित जातं. आलिकांतेला त्याच महिन्यात सव्वीसच्या आसपास असतं. थोरली स्पेनमध्ये सात दिवसांत पोहायला शिकली, इथे शिकली नसती. जुने वेटसूट घेतल्यावर मुलं दहा मिनिटांऐवजी पाऊण तास पाण्यात राहू लागली, पण पोहण्यासाठीच समुद्र हवा असेल तर स्पेनच बरं. त्यात दुमत नाही.

पण बाबांसाठी मी हा किनारा पुन्हा घेईन. पहिल्या दिवशी ते खट्टू झाले होते. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना दिसेल म्हणून थांबले, आणि तो आमच्या पाठीमागे शेतांवर मावळला. मग त्यांनी भरतीचा हिशेब मांडला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाण. इथे पौर्णिमेच्या दुपारी आम्ही गेलो तर समुद्र पार लांब ओसरलेला! बाबा गप्प झाले. पुढच्या तीन फेऱ्या त्यांनी वहीत वेळा टिपल्या आणि एक दिवस जाहीर केलं की आपल्या उत्तरात सहा-सात तास मिळवायचे, मग जमतं. छापील तक्त्याशी ताडून बघितलं तर अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत सहा मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे हे माहीत असणं गरजेचंही आहे. जुलैपासून आमच्या घरी कधी निघायचं ते बाबा ठरवत होते. परक्या देशात येऊन महिनोन्‌महिने दुसऱ्यांच्या सोयीने राहणाऱ्या माणसाला स्वतःचं काहीतरी लागू पडताना दिसलं. एका आठवड्याच्या सहलीत हे झालं नसतं. त्याला त्याच किनाऱ्यावर परत परत जावं लागतं.

शेजारच्या ऐंशीच्या पुढच्या आजींना हट घेतल्याचं सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. त्या होजिअरीच्या कारखान्यात होत्या. लेस्टरचे होजिअरीचे आणि बुटांचे कारखाने जुलैत एकदम पंधरा दिवस बंद व्हायचे, तो ‘लेस्टर फोर्टनाइट’. त्या म्हणाल्या, गल्लीच्या गल्ली उठून मेबलथॉर्प आणि स्केगनेसला जायची आणि वाळूतही शेजारी तेच. पगारी रजेचा कायदा १९३८ चा. त्याच्या दोन वर्षं आधी बिली बटलिनने स्केगनेसला आपला पहिला हॉलिडे कॅम्प उघडला होता, एका आठवड्याच्या पगारात एक आठवड्याची सुट्टी, असं सांगून. मग १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ नावाच्या सहल-व्यावसायिकाने ३२ पौंड १० शिलिंगांत विमान, तंबू आणि जेवण धरून कोर्सिकाची सहल काढली आणि लोक उन्हाकडे वळले. आजीही पुढे स्पेनच्या मायोर्का बेटावरच जाऊ लागल्या. कारखाने गेले, पण लेस्टरच्या शाळांची उन्हाळी सुट्टी अजूनही इतरांच्या आधी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होते. लेस्टरकरांनी याचा फायदा घ्यावा. त्या दिवसांत बाकी इंग्लंडची मुलं शाळेत असतात, किनारा मोकळा असतो आणि स्पेनची तिकिटंही स्वस्त असतात.

खाण्याची एक गोष्ट आवर्जून. या भागातल्या बऱ्याच दुकानांत फिश अँड चिप्स गाईच्या चरबीत, बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात. नुसते चिप्स म्हणजे शाकाहारी, असं धरून चालू नका. ‘व्हेजिटेबल ऑइल का?’ हे विचारूनच घ्या. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही, आणि पहिल्या फेरीत बाबांनी अर्धे चिप्स खाल्ल्यावर पाटी दिसली. ते काही बोलले नाहीत, मला मात्र फार वाईट वाटलं. नंतर थालीपीठ, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्यायला लागलो. आणि सीगलपासून डबा झाकून ठेवा.

पायांखालची वाळू तरी किती जुनी असेल, असं मला वाटायचं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र याच किनाऱ्यावरून आत शिरला. इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. आमची हट ज्यावर उभी होती तसे काँक्रीटचे बांध त्यानंतर मजबूत केले गेले. लाटा वाळू ओढून नेतात म्हणून १९९४ पासून समुद्रतळातून वाळू उपसून मेबलथॉर्प ते स्केगनेसच्या पट्ट्यात टाकतात. हे कळल्यावर थोरलीने किल्ला बांधताना विचारलं, ‘आपला किल्लापण मग परत आणून टाकतील का?’

खर्च: भाडं, पेट्रोल आणि दोन रात्रींचं बी अँड बी धरून स्पेनच्या साधारण साठ टक्के, तेही सहा माणसांसाठी. रेल्वेने जाणाऱ्यांनी स्केगनेस धरावं. मेबलथॉर्पची लाइन १९७० मध्येच बंद झाली. ऑगस्टच्या शनिवारी ए१५८ रस्ता तुंबतो, सातच्या आत निघा.

पुढच्या वर्षी एप्रिल-मे सोडून जून ते ऑगस्टच मागितलं आहे, स्वच्छतागृहाच्या जवळची हट मिळाली तर. पितळी कुलूप आणून ठेवलं आहे. मुलांना गरम पाण्यात पोहता यावं म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत चार दिवस स्पेन बघतोय. बाबांनी जाताना वही इथेच ठेवली आहे, पुढच्या उन्हाळ्याच्या तिथ्या लिहून.