शंभर बाटची बिअर

बँकॉकहून येऊन चार महिने झाले. आमच्या चौघांपैकी तिघांनी हा प्रकार अजून घरी सांगितलेला नाही. मीही सांगणार नव्हतो. पण परवा गल्लीतली सात-आठ पोरं थायलंडला निघाल्याचं कळलं. त्यांना बोलावून चार गोष्टी सांगायला बसलो आणि ऐन मोक्याच्या जागी विषय बदलून मोकळा झालो. तोंडाने जमत नाही म्हणून लिहून काढतोय.

आम्ही इचलकरंजीचे, शाळेपासूनचे दोस्त. बापूचं कापडाचं दुकान, सुध्याचे माग, शिऱ्या बँकेत. मी जीएसटीची रिटर्न्स भरतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासून त्यातल्या चुका काढतो. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा. २०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडला जायला भारतीयांना व्हिसाची कटकट उरली नाही, तेव्हापासून आमचं ‘जाऊया, जाऊया’ चाललं होतं. शेवटी गेलो.

तो दिवस शनिवार. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच भरतो. आकाशगाडीने, म्हणजे तिथल्या उंचावरून धावणाऱ्या मेट्रोने, मो चित स्टेशनला उतरलो की वाट विचारावी लागत नाही, गर्दीच आपल्याला घेऊन जाते. पंधरा हजारांवर गाळे, त्यांचे सत्तावीस विभाग आणि मधोमध एक घड्याळाचा मनोरा. चुकामूक झाली तर मनोऱ्याखाली भेटायचं ठरलं होतं. दोनदा भेटावं लागलं.

बापूचा अवतार तिथं बघण्यासारखा होता. त्यांची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्यांना येत नाही, मध्ये एक कॅल्क्युलेटर. हत्तीच्या छापाच्या ढगळ विजारी होत्या. बाई १५० टाइप करून दाखवते. बापू ते पुसून ७० टाकतो. ती कपाळाला हात लावते आणि १३० करते. बापू विजार चिमटीत धरतो, उजेडाकडे नेतो, आतली शिलाई उलटी करून तिलाच दाखवतो आणि नुसतं ‘रेयॉन’ म्हणतो. त्या एका शब्दाला १०० झाले. सहा घेतो म्हटल्यावर ८५. थाई चलन बाट, तेव्हाचा भाव साधारण अडीच रुपये. आम्ही दिवसभर ‘भात’च म्हणत होतो. ‘पंच्याऐंशी भाताला सोड की गं बाई,’ असं बापू चक्क मराठीत म्हणाला आणि बाईने सोडलं.

दुपारी प्रतुनामला गेलो. तिथं प्लॅटिनम मॉलमध्ये एसीत होलसेल बाजार आहे. एक नग घेतला तर एक भाव, त्याच दुकानातले तीन घेतले की होलसेलचा भाव, आणि तिन्ही वेगळ्या डिझाइनचे असले तरी बहुतेक ठिकाणी चालतात. हे कळल्यावर आम्ही चौघांची खरेदी एकत्र करायला लागलो. बाहेर पडलो तर एक टुकटुकवाला आडवा आला. वीस बाटमध्ये सगळं बँकॉक फिरवतो म्हणाला. हा डाव आम्हाला पाठ होता. स्वस्तात बसवतात आणि शिंप्याच्या नाहीतर रत्नांच्या दुकानात नेऊन सोडतात, दुकानदार त्यांना कमिशन किंवा पेट्रोलचं कुपन देतो. राजवाड्याबाहेर ‘आज बंद आहे’ असं सांगणाऱ्यांचाही शेवट त्याच दुकानात. सुध्याने त्याला हात जोडले आणि आमच्याकडे वळून म्हणाला, ‘आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय.’

रात्रीचं जेवण सिलोम भागात, एका गल्लीतल्या साध्या हॉटेलात. शिऱ्या शनिवार पाळतो. त्याच्यासाठी पिवळ्यावर लाल अक्षरात ‘เจ’ लिहिलेली गाडी शोधली. या शब्दाचा उच्चार ‘जे’, म्हणजे पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. नाहीतर भाजीतही फिश सॉस पडतोच. आम्ही तिघांनी मासा मागवला. मेनूवर लिहिलेला भाव १०० ग्रॅमचा होता, अख्ख्या माशाचा नव्हे. सुध्याच्या हे लक्षात आलं आणि त्याने मासा समोर वजन करून घेतला. पापलेटवालीकडून काटा बघून घ्यावा तसा. चौघांचं मिळून ११६० झालं. मी बिलाची बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.

म्हणजे रात्रीच्या साडेनऊपर्यंत आम्हाला कुणीही एक बाटला फसवलेलं नव्हतं. बापूने हिशेब केला की दिवसभरात घासाघीस करून ६४० बाट वाचवले. हे ६४० डोक्यात गेले.

पॅटपाँग तिथून चालत पाच मिनिटं. सिलोम आणि सुरावोंग या दोन रस्त्यांच्या मधल्या गल्ल्या. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत सुट्टीवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांमुळे या भागाचं नाव झालं. आता मधोमध घड्याळं, बॅगा, टीशर्ट यांचा रात्रबाजार आणि दोन्ही अंगांना बार. बाजार बघायला बायकापोरंसुद्धा असतात. तिथं एक माणूस प्लॅस्टिकचं कार्ड घेऊन आमच्याबरोबर चालायला लागला. कार्डावर कसल्या कसल्या खेळांची यादी होती ती इथं लिहीत नाही. आत यायला पैसे नाहीत, फक्त बिअर घ्या, १५० बाट. आम्ही पुढे चाललो. मग बापू थांबला. सवयच ती. ‘हंड्रेड,’ म्हणाला. त्या माणसाने तोंड वाकडं केलं, मान हलवली, आणखी दहा पावलं बरोबर चालला आणि मग मोठ्या नाइलाजाने ‘ओके, हंड्रेड’ म्हणाला.

आम्हाला वाटलं, आपण भाव पाडला. एकदा भाव पाडला की माल घ्यावाच लागतो, हा बाजाराचा रिवाज बापूच्या हाडात मुरलेला. पण मालात काय काय येतं हे कुठं ठरलं होतं? विजार घेताना शिलाई उलटी करून बघणारा माणूस इथं ‘शंभर कशाचे?’ एवढंही विचारत नव्हता. आणि आम्ही तिघं त्याच्या मागे. खरं तर आम्हाला वर जायचंच होतं, फक्त कुणीतरी दुसऱ्याने आधी जिना चढायला हवा होता.

जिना अरुंद, पायाला चिकटणारा गालिचा. वर दार, दाराला जाड पडदा. आत शिरताच एका बाईने हसत आमच्या खरेदीच्या पिशव्या घेतल्या आणि काउंटरमागे ठेवल्या. आम्हाला ती सोय वाटली.

आत पाहण्यासारखं काही नव्हतं. एका छोट्या मंचावर चार-पाच बायका उभ्या होत्या, पाय दुखत असल्यासारख्या. एक मोबाईल बघत होती. चार बिअर आल्या. तीन जणी आमच्या शेजारी येऊन बसल्या, एकीने रिकामा ग्लास दाखवून काहीतरी विचारलं आणि सुध्याने मान हलवली. नुसती मान. मग कुणीतरी शिऱ्याच्या हातात फुगा दिला, मंचावरून काहीतरी सुटलं, फुगा फुटला, टाळ्या. आणखी एक फुगा, आणखी टाळ्या. शनिवार पाळणाऱ्या माणसाचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं. पंधरा मिनिटांत आम्ही उठलो.

मग हसणारी बाई गेली आणि दुसरी, वयस्क, चष्मा लावलेली बाई आली. तिने वहीचा फाडलेला कागद पुढे केला. बिअर ४, ४००. शो, माणशी १०००, ४०००. पोरींचे ड्रिंक ३, प्रत्येकी ६००, १८००. फुगे २, १०००. एकूण ७२००. म्हणजे अठरा हजार रुपये.

बापू ‘हंड्रेड, हंड्रेड’ करत राहिला. तिने शांतपणे पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बिअर शंभर. शब्दाला जागली होती! आम्हाला वर आणणारा माणूस कुठं दिसत नव्हता. दारात दोघे जण येऊन उभे राहिले होते. कुणी आमच्या अंगाला हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. पण पिशव्या काउंटरमागे होत्या, दार त्या दोघांच्या मागे होतं, आणि दुपारी तासभर एका बॅगेवरून भांडणारे आम्ही चौघे आवाज खाली आणून बोलत होतो. आजूबाजूला ओळखीचं कोण होतं? कुणीच नाही. तरी लाज वाटत होती. त्या कागदावर ना दुकानाचं नाव, ना नंबर, ना तारीख. असलं बिल माझ्या ऑफिसात आलं असतं तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकलं असतं. तिथं मी त्याची बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहिलं.

चौघांच्या खिशात मिळून ३१०० निघाले. उरलेल्या ४१०० साठी बाईने कार्डाचं मशीन आणलं. मशीनने रुपयांत घ्यायचे की बाटमध्ये असं विचारलं, आणि मी वाचेपर्यंत तिने रुपयांचं बटण दाबलं. सव्वादहा हजारांच्या जागी १०,९४७ गेले. परदेशात कार्ड वापरताना नेहमी तिथलंच चलन निवडायचं, हे मी स्वतः लोकांना सांगतो. पिन मात्र मीच टाकला.

पिशव्या मिळाल्या. खाली उतरून पाटी बघितली, तर त्या जिन्यावर एकाखाली एक तीन पाट्या, आम्ही नक्की कुठल्या बारमध्ये होतो तेही कळेना. आमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला सांगितलं तर त्याला काही नवल वाटलं नाही. त्याने पहिला प्रश्न केला, ‘अकरा पंचावन्नला फोन केला का?’ ११५५ हा तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर, परदेशी पाहुण्यांसाठीच असलेला. तिथं बसल्या बसल्या, सगळ्यांसमोर हा नंबर लावायला घ्यायचा, म्हणाला, बरेचदा तेवढ्यानेच बिल खाली येतं. पैसे देऊन बाहेर पडल्यावर, तेही जागेचं नाव माहीत नसताना, पोलीस काय करणार? त्या पोरांना मी हेच सांगणार होतो. नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा, कुठंही शिरण्याआधी पाटीचा फोटो काढा, पिशवी हातातून सोडू नका. आणि वरच्या मजल्यावर जायचंच नाही. संगीत ऐकायचं, बिअर प्यायची तर रस्त्यावरून आत दिसतं, मेनूवर भाव छापलेला असतो अशा जागा ढिगाने आहेत.

परत आल्यावर बँकेत विचारलं. शिऱ्याच्याच बँकेत, म्हणजे तोही समोर बसलेला, मान खाली घालून. पिन टाकून केलेला व्यवहार, त्यांनी सांगितलं, तुम्हीच केलाय, फसवणूक म्हणून कसा धरायचा?

सहलीच्या हिशेबाच्या वहीत बापूने ‘रात्रीचं जेवण’ असं लिहून ७२०० भागिले चार करून टाकले. तिघांचं तेवढ्यावर मिटलं. माझं कार्डाचं स्टेटमेंट मात्र घरी येतं आणि आमच्याकडे स्टेटमेंट बायको तपासते, ऑफिसचंही आणि घरचंही. महिन्याने ती कागद घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या बारच्या मशीनवरून आलेली नोंद कुठल्याशा रेडिमेड कपड्यांच्या दुकानाच्या नावावर होती.

‘एवढ्या पैशांचे कपडे घेतलेत,’ ती म्हणाली, ‘मग माझ्यासाठी पंच्याऐंशीची विजार का?’