पुण्याच्या बातम्यांसाठी फीड रीडर: थंडरबर्ड घ्यावा की इनोरीडर?

हिंजवडीतल्या ऑफिसचा संगणक शुक्रवारी संध्याकाळी बंद झाला की थेट सोमवारी सकाळी सुरू होतो. फीड रीडर म्हणजे अनेक संकेतस्थळांच्या नव्या बातम्या एका ठिकाणी आणून दाखवणारी सोय. त्यासाठी मी थंडरबर्ड हा संगणकावरचा मेलचा प्रोग्रॅम वापरतो, पण मधल्या बऱ्याचशा बातम्या त्यात येतच नाहीत. त्यात थंडरबर्डचा दोष नाही, फीडची रचनाच तशी आहे.

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली अगदी अलीकडच्या नोंदींची यादी. वर्डप्रेसवर मूळ सेटिंग १० नोंदींचं, यूट्यूब चॅनेलच्या फीडमध्ये १५, ब्लॉगस्पॉटवर २५. नवी नोंद वर आली की तळातली गळते. थंडरबर्ड सुरुवातीला दर १०० मिनिटांनी फीड तपासतो. एखाद्या वर्तमानपत्राने तासाला सहा बातम्या टाकल्या, तर १० नोंदींची अख्खी यादी बरोबर तेवढ्याच वेळात बदलते. म्हणजे संगणक दिवसभर चालू असला तरी मूळ सेटिंगवर बातम्या निसटायला लागतात. म्हणून रीडर निवडताना दिसण्यापेक्षा दोन गोष्टी आधी बघाव्यात: संगणक किती वेळ बंद असतो आणि फीड किती वेगाने भरते.

मराठी ब्लॉग, यूट्यूब चॅनेल आणि ठरावीक विषयांच्या शोधासाठी आमची पसंती थंडरबर्डला. तो मोफत आहे, नोंदी आपल्याच डिस्कवर राहतात आणि मेलसाठी असलेले फिल्टर, टॅग, शोध फीडलाही चालतात. मुख्य मेनूतून नवीन खातं निवडा, त्यात फीड. खातं तयार झालं की त्याच्यावर राइट क्लिक करून सबस्क्राइब उघडा, पत्ता चिकटवा, ॲड दाबा. वर्डप्रेसच्या ब्लॉगचा पत्ता सापडत नसेल तर मूळ पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि रोमन लिपीत ‘फीड’ लिहून बघा, बहुतेक वेळा जमतं. ‘ही वैध फीड नाही’ असा संदेश आला, तर कधी पत्ता चुकलेला असतो, कधी संकेतस्थळाच्या एखाद्या प्लगइनने फाइलच्या अगदी सुरुवातीला रिकामी ओळ सोडलेली असते. फीड ज्या स्वरूपात लिहितात त्या एक्सएमएलला तेवढंही खपत नाही, आणि तिथे वाचकाच्या हातात काही नसतं. ब्लॉगवाल्याला कळवावं.

पुणेकरांना सर्वांत उपयोगी पडते ती गूगल न्यूजच्या शोधाची फीड. गूगल न्यूज मराठीत उघडून ‘पुणे गुरुवार पाणीपुरवठा बंद’ असं शोधा. वरच्या पत्त्यात ‘सर्च’ या शब्दाच्या लगेच आधी रोमन लिपीत ‘आरएसएस’ आणि एक तिरकी रेघ घाला. झाली फीड तयार. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची बातमी वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतून एकाच फोल्डरमध्ये येते. एका फीडमध्ये जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात आणि त्यात जुन्याही मिसळलेल्या असतात, म्हणून तारखेनुसार क्रम लावून ठेवा. नोंदीत फक्त मथळा आणि दुवा असतो, सविस्तर मजकूर ब्राउझरमध्येच वाचावा लागतो.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून नदीत पाणी सोडल्याच्या बातम्यांसाठी ‘खडकवासला विसर्ग’ हीदेखील अशीच लावून ठेवण्याजोगी फीड. सबस्क्रिप्शनच्या खिडकीत प्रत्येक फीडची तपासणीची वेळ वेगळी ठेवता येते. हिच्यासाठी १०० ऐवजी १५ मिनिटं करा, संथ ब्लॉगांना दिवसातून एकदा पुरे. पण असं पाणी सोडल्यावर बुडणाऱ्या भिडे पुलावरून जायचं की नाही, हे फीडवर ठरवू नका. फीड आपणहून येऊन सांगत नाही. रीडर विचारायला जाईल तेव्हाच ती मिळते, आणि बातमी मुळात उशिरा लागलेली असू शकते.

थंडरबर्डमध्ये मराठी अक्षरं बारीक दिसतात. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत लिपी देवनागरी निवडून किमान आकार १६ करा. काही नोंदींवर भाषेची खूण नसते, त्यांच्यासाठी लॅटिनखालीही तोच आकार द्या.

रोजच्या वर्तमानपत्रांच्या फीड मात्र इनोरीडर या इंटरनेटवरच्या रीडरवर ठेवाव्यात. तिथे तपासणी त्यांचा सर्व्हर करतो, त्यामुळे तुमचा संगणक बंद असला तरी नोंदी गोळा होत राहतात. मोफत खात्यात १५० फीड बसतात, फीडली या तशाच दुसऱ्या रीडरच्या मोफत खात्यात १००. घरच्या वापराला दोन्ही पुष्कळ. जाहिराती दिसतात, त्या चालवून घ्याव्या लागतात. असे रीडर मोजक्या वाचकांच्या फीड सावकाश तपासतात, हा त्यांचा खरा तोटा, आणि आपले बरेचसे मराठी ब्लॉग त्यातच मोडतात.

फीडब्रो हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन हलकं आणि बरं आहे, पण ब्राउझर मिटला की तपासणीही थांबते.

कुठलाही रीडर घेतलात तरी आपल्या फीडच्या यादीची ओपीएमएल फाइल (रीडर बदलताना यादी नेण्यासाठीची) महिन्यातून एकदा काढून ठेवा. अशा सोयी बंदही पडतात: गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये ६४व्या आवृत्तीतून आपली फीडची सोय काढून टाकली. थंडरबर्डमध्ये सबस्क्रिप्शनच्या खिडकीतच एक्सपोर्टचं बटण आहे. हीच फाइल इनोरीडरमध्ये चढवली की फीडचे पत्ते आणि फोल्डर तसेच्या तसे येतात. साठवलेल्या नोंदी, टॅग आणि फिल्टर त्या फाइलमध्ये नसतात.